पंचवीस अंडर

मद्याच्या बाटलीवरील कागदावर सोनेरी अक्षरांत छापलेले नाव, त्याखालची राजेशाही ढाल आणि त्याहून खाली, परवाना-क्रमांकाच्या शेजारी, सहसा कोणी न वाचणारा ‘४२.८ टक्के’ हा आकडा, यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जाहिरातवाल्यांच्या कल्पनाशक्तीतून निघालेल्या असतात. तिसरी मात्र इतिहासाची आहे, आणि ज्या शहराच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींनी बिअर नि मद्याचे कारखाने पोसले, त्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात बसून मागे पाहताना मला हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो. चाळीस नव्हे, पंचेचाळीस नव्हे, बेचाळीस पूर्णांक आठ दशांशच का?

याचे उत्तर विलायतेत आहे. मद्याच्या तीव्रतेवर कर बसवायचा तर ती मोजता आली पाहिजे, आणि मोजण्याचे साधन हाती नव्हते त्या काळी तेथील अंमलदार बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटवून पाहत. भिजूनही ती पेटली तर मद्य ‘प्रूफ’, म्हणजे प्रमाणास उतरलेले, आणि फुसफुसून विझली तर पाणी अधिक, असा निकाल होई. आपल्या भाषेने या दोन्ही पदार्थांना फारसीतून आलेला एकच शब्द देऊन ठेवला असल्यामुळे दारूची परीक्षा दारूने, हे मराठी माणसाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १८१६ साली साइक्सच्या हायड्रोमीटरला तेथील कायद्याने मान्यता मिळाली, आणि ५१ अंश फॅरनहाइट उष्णमानाला जे मद्य तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या १२/१३ वजनाचे भरेल ते प्रूफ, अशी व्याख्या रूढ झाली. आजच्या हिशेबाने त्यात आकारमानाने ५७.१ टक्के मद्यार्क येतो. त्याहून पंचवीस अंशांनी खालचे ते ‘पंचवीस अंडर प्रूफ’, ५७.१ चा पाऊण हिस्सा केला की ४२.८ उरतात. साम्राज्य गेले, वजने-मापे दशमान झाली, परंतु हा पाऊण हिस्सा मात्र राहिला.

निजामी अमदानीत मराठवाड्याचा कारभार वेगळा असला तरी सरकारची दृष्टी तीच होती. आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम. शिंदीच्या झाडांचा आणि मोहाच्या दारूच्या विक्रीचा हक्क लिलावाने दिला जाई, सर्वाधिक बोली बोलणारा तो गुत्तेदार, आणि त्याच्या दुकानाला लोकांनी गुत्ता म्हटले. रस्त्याचे वा पुलाचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला आमच्याकडे अद्यापही गुत्तेदारच म्हणतात. मद्यपानाला जी बदनामी चिकटली तिच्यातला एक शिंतोडा बिचाऱ्या त्या शब्दावरही उडाला, एवढेच. कोणत्या भट्टीच्या कोणत्या घाण्याला मोहाचा सुवास अधिक चांगला उतरला, याची नोंद मात्र कोठल्याही दफ्तरात होण्याचे कारण नव्हते. दफ्तराला रक्कम हवी होती.

आणि रकमेचा हिशेब वाटतो तितका सोपा नव्हे. पन्नास लिटर निर्जल मद्यार्कात पन्नास लिटर पाणी घातले तर शंभर लिटर भरत नाहीत, सुमारे ९६ च भरतात. शिवाय मिश्रण तापते, आणि तापलेले मद्य फुगून पुन्हा आपले आकारमान खोटे सांगते. मे महिन्यात ज्या मुलखाचा पारा बेचाळीस अंश सेल्सिअसवर चढतो तेथे ५१ फॅरनहाइटचे प्रमाण लावायचे म्हणजे प्रत्येक मापनाला उष्णमानाची दुरुस्ती आली, कोष्टके आली, आणि ती तोंडपाठ असणारा कारकूनही आला. म्हणूनच कर लिटरवर न बसता ‘प्रूफ लिटर’वर बसत आला: पाणी कितीही मिसळा, सरकारचा हिस्सा ढळत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ साली आमच्याही प्रदेशास लागू झाला. गुत्ते बंद झाले, हातभट्ट्या पेटल्या. पुढे बंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९७३ च्या देशी मद्याच्या नियमांबरोबर प्रूफची भाषा पुन्हा उजळ माथ्याने वावरू लागली. ज्या कायद्याचे नाव दारूबंदीचे, त्याच्याच अंमलाखाली दारूचे परवाने निघावेत, हा विनोद आपण इतकी वर्षे गंभीर चेहऱ्याने सहन केला आहे.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेल्या एका परंपरेचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील केंटकी प्रांताच्या बुर्बन या मद्यावरही कायद्याची बंधने कमी नाहीत: धान्यात निदान ५१ टक्के मका, आतून जाळून कोळसा केलेले नवे ओकचे पिंप, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून अधिक तीव्रता नाही, बाटलीत ४० हून कमी नाही. १८९७ च्या कायद्याने सरकारी देखरेखीखालील कोठारातील मद्याला शुद्धतेची हमी दिली. परंतु एवढे कुंपण घातल्यावर आतले राज्य पिंपाचे असते. बहुमजली कोठारात वरच्या मजल्यावर उष्मा अधिक, तेथे मद्यार्कापेक्षा पाणी आधी उडते आणि तीव्रता वाढत जाते. खालच्या गारव्यातले पिंप संथपणे मुरते. एकाच दिवशी, एकाच घाण्यातून भरलेली दोन भावंडे सहा-आठ वर्षांनी एकमेकांस ओळखत नाहीत. सर्वसाधारण बुर्बनमध्ये शेकडो पिंपे एकत्र ओतून हे भेद बुजवले जातात. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी ब्लँटन या नावाने बाजारात आणलेल्या मद्यात ते मुद्दाम राखले गेले. पिंपाच्या छिद्रातून नळीने नमुना काढायचा, पाण्याने सौम्य करून हुंगायचा, चाखायचा, आणि पसंत पडलेले एकच पिंप रिकामे करून, कोळशाची कणी गाळून, खनिजरहित पाण्याने हळूहळू इष्ट तीव्रतेवर आणायचे. ब्लँटनची ती ४६.५ टक्के. सुमारे दोनशे लिटरच्या पिंपातून, हवेत गेलेले आणि लाकडाने प्यालेले वजा जाता, दीड-दोनशे बाटल्या निघतात. प्रत्येकीवर पिंपाचा क्रमांक, कोठार आणि रिते केल्याची तारीख. उडून गेलेल्या भागाला स्कॉटलंडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या कारकुनाने त्यास ‘तूट’ म्हणून खुलासा मागविला असता.

आमच्याकडे पिंपाचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही, कारण या देशात व्हिस्की म्हणून जे विकले जाते त्यातील बराच भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या, जाणूनबुजून निर्गंध केलेल्या मद्यार्काचा. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आखले, तेव्हा भाकरीच्या ज्वारीची दारू करावी काय, यावर महाराष्ट्रात कडाक्याचा वाद झाला. दारूविरोधी कार्यकर्ते डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी घेतलेले आक्षेप मला तेव्हाही रास्त वाटले आणि आजही वाटतात. पुढे २०१६ च्या दुष्काळात, जायकवाडी धरण कोरडे पडले असता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने येथील मद्य-उद्योगांचे पाणी आधी निम्म्याने व १० मेपासून साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. मद्यात पाणी किती घालावे हे आजवर आबकारी खाते ठरवीत आले होते. त्या उन्हाळ्यात प्रथमच पाण्यानेच तो प्रश्न उलटा विचारला.

केंटकीची नवी पिंपे कायद्यानेच दुसऱ्यांदा बुर्बनला चालत नाहीत, म्हणून ती जगभर विकली जातात. त्यांपैकी काही गोव्यात कुंकळ्ळीला पोचली. तेथील पॉल जॉन कारखान्याने २०१२ साली लंडनमध्ये आपले पहिले मद्य मांडले, ते एकाच पिंपातले, बार्लीचे. त्या उकाड्यात वर्षाकाठी सुमारे आठ टक्के तूट सोसून, पाण्याने न उतरविता, ते थेट पिंपातल्या तीव्रतेने बाटलीत भरले होते. ती तीव्रता होती ५७ टक्के, म्हणजे जुन्या विलायती प्रूफच्या अगदी काठावर. महाराष्ट्रातील दुकानांत मात्र बहुतेक बाटल्यांवर अजून ४२.८ च छापलेले आढळते.