वस्तीवरचा कुत्रा का भेदरतो?



या पानावर नेहमी बेणे, खोडवा, खते आणि पाणीपाळी यांचीच चर्चा होते. आज विषय वस्तीवरच्या कुत्र्याचा आहे. "आता कारखाना कुत्र्यांवरही लिहू लागला!" असे कोणी म्हणेल, तर म्हणू द्या. मागील हंगामात आमच्या वस्तीवरचा कुत्रा बिबट्याने नेला. त्या संध्याकाळी तो बाहेर यायलाच तयार नव्हता. उंबऱ्याशी अंग चोरून बसला होता, शेपूट पायांत, कान पाडलेले. आम्ही त्याला आळशी म्हणून दटावले, ओढत नेले आणि उसाच्या कडेच्या खुंटाला बांधले. सकाळी तिथे नुसती साखळी होती.

त्याला जे कळले होते ते आम्हाला कळले नाही, ही गोष्ट मनातून जाईना.

पुढे पौषात माळशेज घाट उतरून मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रेला बैल पाहायला गेलो. बैल काही जमला नाही. पण तेथून सरळगाव, किन्हवलीवरून शहापूर तालुक्यात डोळखांब बाजूच्या एका वाडीत ओळखीच्या घरी दोन रात्री राहिलो, आणि जे पाहिले ते बैलापेक्षा उपयोगी पडले. त्या घरचा कुत्रा दिवसभर शेळ्यांबरोबर रानात जायचा. गळ्यात दावे नाही, साखळी नाही. वाटेत थांबून हुंगायचा, ओढ्यात पाणी प्यायचा, सावली दिसली की लोळायचा. दिवेलागणीला घरी आला की भाकरी-पेज खाऊन शेळ्यांशेजारी पडवीत पडायचा, आणि मग दार ओढून घेतले जायचे. त्या तालुक्यात तानसा अभयारण्याचे जंगल आहे, बिबट्या त्या लोकांना काही नवा नाही. आम्ही आमच्याकडची रीत सांगितली तेव्हा घरच्या आजीबाई म्हणाल्या, "रातचा भायेर बांधून ठेवता? मग त्यानं पळायचं कुठं?"

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. आपण नेमके उलटे करतो. दिवसा कुत्रा बांधून घालतो आणि रात्री शेळ्या गोठ्यात कोंडून त्याला बाहेर ठेवतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात, अकोले तालुक्यात, संशोधकांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिले. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या प्राण्यांच्या वजनाचा हिशोब केला तेव्हा ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. शेळीला राखण असते, रात्री दाराआड जागा असते. कुत्र्याला यातले काहीच नसते.

आता भीतीचे बघू. मेघगर्जना, फटाके, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा फाटका आवाज, नवखी माणसे, बिबट्याचा वास, यांनी कुत्रा घाबरतो. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणून आपल्याआधी त्याला पुष्कळ काही ऐकू येते. भीती वाढत चालली की तो झोप नसताना जांभया देतो, सारखे ओठ चाटतो, ऊन नसताना धापा टाकतो, थरथरतो, खायला दिले तरी तोंड फिरवतो. (कारखान्याचा भोंगा झाला की गावातली कुत्री गळा काढतात, ते मात्र बहुतेक वेळा भीतीने नव्हे, सूर धरण्याचाच तो प्रकार असतो. अंग सैल आणि शेपूट मोकळी असेल तर खुशाल रडू द्यावे.)

घाबरलेले जनावर आधी पळू पाहते. पळता आले नाही तर चावते. आणि दोन्ही जमले नाही तर हबकून पडून राहते. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या दोघांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही कुत्र्यांना जखडून विजेचे झटके दिले, त्यातून सुटायची त्यांना सोय नव्हती. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवले की मधली बुटकी आडभिंत ओलांडली की झटका बंद. पुष्कळ कुत्री उठलीच नाहीत, कण्हत पडून राहिली. प्रयोग क्रूर होता, यात वाद नाही. पण त्याचा पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. त्या कुत्र्यांना दोरी लावून पुन्हा पुन्हा आडभिंतीपलीकडे नेले, तेव्हा कुठे ती आपली आपण उडी मारायला शिकली. वर्षानुवर्षे तीन हात साखळीला असलेला कुत्रा एक तर येईल-जाईल त्याच्यावर तुटून पडतो, नाहीतर मढ्यासारखा पडून असतो. पहिल्याला आपण 'तिखट' म्हणतो, दुसऱ्याला 'गरीब'. बहुतेक वेळा दोघेही भेदरलेले असतात.

मग करायचे काय? पहिले म्हणजे त्याला लपायला जागा द्या. पडवीचा कोपरा, कणगीमागची सांद, जुन्या पोत्याने झाकलेली पेटी, काहीही चालेल. वीज कडाडते तेव्हा त्याला तेथून ओढून काढू नका. जवळ आला तर पाठीवरून हात फिरवा. कुरवाळले तर भित्रेपणा वाढतो हा समज चुकीचा आहे. भीती मारून जात नाही, मारल्याने उलट आवाजाबरोबर मालकाचीही भीती बसते. फटाक्यांची सवय करायची तर दिवाळीच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. लांबून हलका आवाज, लगेच भाकरीचा तुकडा. असे रोज थोडे, आणि तो अस्वस्थ झाला की त्या दिवशी तिथेच थांबायचे. पिल्लू असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ मोलाचा. त्या वयात बैल, ट्रॅक्टर, तोडणी कामगारांची वर्दळ हे सगळे त्याला निवांतपणे दाखवा. तेव्हा पाहिलेल्या गोष्टीला तो मोठेपणी सहसा बुजत नाही.

दुसरे, मोकळीक. सगळ्यांनाच शहापूरच्या वाडीसारखे कुत्रे रानात सोडता येणार नाही हे आम्हालाही समजते. आपल्याकडे रस्ता आहे, शेजाऱ्याच्या कोंबड्या आहेत. पण सकाळी पाणी धरायला जाताना लांब दोरीने त्याला बांधावरून नेता येते. हुंगू द्या, घाई करू नका. हुंगण्याने तो थकतो आणि शांत होतो. दुपारच्या उन्हात मात्र नेऊ नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंग थंड करतो. दिवसा बांधणे भागच असेल तर दोन खांबांत तार ओढून तिच्यावर कडी सोडा आणि कडीला साखळी अडकवा, म्हणजे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरेल. सावली आणि पाणी त्याच्या आवाक्यात असावे. आणि अंधार पडण्यापूर्वी तो आत, दार लावून. आतून भुंकला तरी घरचे जागे होतातच.

एक इशारा. नेहमी शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडका झाला, लाळ गाळू लागला, आवाज बदलला, दिसेल त्याला चावू लागला, तर ती साधी भीती समजू नका. पिसाळल्याची शंका घ्या, जवळ जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, हळद, चुना, मिरची काही भरू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी आणि पुढे दरवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने टोचत राहावे.

आमच्याकडे आता नवे पिल्लू आले आहे. पोरांनी नाव वाघ्या ठेवले, पण पहिल्या वळवाला ढग गडगडले तसा हा वाघ्या दळणाच्या डब्यामागे जाऊन बसला. घरच्यांनी तिथे एक पोते अंथरून दिले आहे. सायंकाळी शेळ्या आत घेतल्या की त्यालाही आत घेतो. उसाच्या कडेचा तो खुंट आम्ही उपटून टाकला.