एका पालकाची मुले

सुर्ल्यात एकदा भर वर्गात आम्ही एका विद्यार्थ्याला विचारले, “वडील काय करतात?” मुलाची मान खाली गेली. वडील निवर्तले होते आणि आई चार घरची धुणीभांडी करून संसार ओढीत होती. प्रश्न नित्याचा, पण त्या मुलाला तो उणेपणाची जाणीव देऊन गेला. ती चूक आम्हांस आजही बोचते.

पंधरा-सोळाचे वय मोठे हळवे. या वयात मूल इतरांच्या डोळ्यांत स्वतःची प्रतिमा शोधते. तेथे सदैव कीवच दिसली, तर ते स्वतःला कमी लेखू लागते. ‘बिचारा’ हा शब्द दयेपोटी येतो खरा, पण तो घाव घालतो.

आपल्या गोमंतकाचेच उदाहरण घ्या. १९०४ साली कुर्डी गावी जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी तीन मुले एकटीने वाढविली. थोरल्या किशोरी आमोणकरांचे पितृछत्र बालपणीच हरपले होते. आईमागे तंबोरा घेऊन बसताना कलावंत स्त्रीच्या वाट्याला येणारी उपेक्षा त्यांनी पाहिली. कलेचा मान राखलाच पाहिजे, हा त्यांचा पुढील आग्रह त्या अनुभवातून घडला. ऐन तारुण्यात आवाज गेला, तरी त्या खचल्या नाहीत. १९७४ साली आईला आणि १९८७ साली लेकीला पद्मभूषण लाभले.

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. दारिद्र्य, कलह अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले पुढे कर्तबगार झाली. त्यांना माया लावणारे निदान एक तरी वडीलधारे माणूस लाभले होते. ते माणूस आजी, मामा वा शिक्षकही असू शकते. मात्र एकट्या आईने वा बापाने सारा भार मुलाच्या कोवळ्या खांद्यावर टाकू नये. त्याला झेपेल तेवढेच काम द्यावे आणि त्याचे श्रेयही त्यालाच द्यावे.

पुढे चवथीला आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. गणपतीवर माटोळी डोलत होती. नारळ, सुपारीचे घड, रानफळे, सारे जागच्या जागी होते. मामाने केवळ शिडी धरली होती. “सर, माटोळी हांवें बांदली,” मुलगा म्हणाला. त्या वेळी त्याची मान ताठ होती.

आता आम्ही भर वर्गात वडिलांविषयी विचारीत नाही. मुलाला बाजूस घेऊन एवढेच विचारतो, “घरी तुझे कोण कोण?”