क्लेअरची वारसदार

सन १३१४ च्या जून महिन्यात स्कॉटलंडमधील बॅनॉकबर्न येथे इंग्लंडच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्यांत ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट द क्लेअर हाही होता. त्याचे वय अवघे २३ वर्षांचे होते. इंग्लंड, वेल्स व आयर्लंड या तिन्ही देशांत त्याच्या घराण्याच्या जहागिरी पसरलेल्या होत्या. परंतु त्याला मूलबाळ नव्हते. मग एवढ्या दौलतीचा धनी कोण?

त्या काळी इंग्लंडात थोरल्या मुलाला सारी जमीन मिळे. मुलगा नसल्यास मात्र सर्व मुलींना सारखा वाटा मिळे, आणि निपुत्रिक भावाची जमीन त्याच्या सख्ख्या बहिणींकडे जाई. जहागीरदार निवर्तला, की राजाचा अधिकारी परगण्यापरगण्यांत जाई, गावच्या जाणत्या माणसांना पंच म्हणून बोलावी आणि शपथेवर विचारी : मृताकडे जमीन कोणती होती? तिचे उत्पन्न किती? त्याचा जवळचा वारस कोण, व त्याचे वय काय? ही उत्तरे चर्मपत्रावर लिहून घेतली जात. अशी असंख्य चर्मपत्रे लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यामुळेच सातशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्त्रीच्या कुळाचा व जमिनीचा माग काढता येतो. अर्थात पंचही माणसेच! गिल्बर्टच्या मृत्यूनंतर काही पंचांनी धाकट्या बहिणीचे ‘एलिझाबेथ’ हे नाव न सांगता तिच्या सावत्र बहिणीचे, म्हणजे ‘इझाबेल’चे, नाव सांगितले.

एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या गिल्बर्टच्या तीन सख्ख्या बहिणी होत्या. त्यांची आई राजा पहिला एडवर्ड याची कन्या होती. एलिझाबेथचा जन्म १२९५ चा; त्याच वर्षी तिचे वडील वारले. वाटणी लागलीच व्हावयास हवी होती. परंतु गिल्बर्टची विधवा मॉड हिने आपण गरोदर असल्याचे सांगितले. बालक जन्मले असते, तर बहिणींचा हक्क संपला असता. महिने गेले, वर्ष उलटले, दुसरेही उलटले; बालक काही जन्मले नाही! अखेर १३१७ मध्ये वाटणी झाली. एलिनॉरला वेल्समधील ग्लॅमॉर्गन मिळाले, मार्गारेटला न्यूपोर्ट, आणि एलिझाबेथला सफोकमधील क्लेअर व वेल्समधील अस्क.

एव्हाना एलिझाबेथ दोन वेळा विधवा झाली होती. तिचा तिसरा पती रॉजर डॅमरी हा राजाविरुद्धच्या बंडात सामील झाला व १३२२ मध्ये मरण पावला. तिला मुलांसह कैद करून लंडनजवळच्या बार्किंग येथील मठात ठेवण्यात आले. एलिनॉरचा पती ह्यू डिस्पेन्सर हा राजा दुसरा एडवर्ड याचा अत्यंत लाडका होता, आणि अस्कवर त्याचा डोळा होता. राजाने एलिझाबेथला यॉर्क येथे बोलावून घेतले, तिला तिच्या सल्लागारांपासून दूर ठेवले आणि धमकावून कागदावर तिची मोहोर उमटवून घेतली. अस्कच्या बदल्यात तिला गॉवर हा प्रांत मिळाला. पुढे तोही युक्तीने हिरावून घेण्यात आला. सख्ख्या मेहुण्याने, राजाच्या आश्रयाने केलेला हा अन्याय! दाद मागावी तरी कोणाकडे?

एलिझाबेथने १३२६ मध्ये गुपचूप एक लेख तयार करविला. आपल्यावर कशी बळजबरी झाली, आपली मोहोर कशी घेतली गेली, हे सारे तिने त्यात नोंदवून ठेवले. हा कागद वेळेपूर्वी उघडकीस आला असता, तर तिच्यावर कोणते संकट कोसळले असते, कोणास ठाऊक! परंतु त्याच वर्षी राजाची सत्ता कोसळली, डिस्पेन्सरला देहदंड झाला आणि अस्क पुन्हा तिच्या हाती आले.

त्यानंतर तिने विवाह केला नाही. माहेरचा वाटा आणि तिन्ही पतींकडून मिळालेल्या जमिनी यांचा कारभार ती स्वतः पाही. तिच्या घरखर्चाचे हिशेब आजही वाचावयास मिळतात. तिचा एकुलता एक मुलगा विल्यम १३३३ मध्ये आयर्लंडात मारला गेला. त्याची मुलगी, आजीचेच नाव धारण करणारी एलिझाबेथ, हिचा विवाह राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र लायोनेल याच्याशी झाला. आजी १३६० मध्ये वारली आणि क्लेअर नातीकडे गेले. लायोनेलला १३६२ मध्ये ‘ड्यूक ऑफ क्लॅरेन्स’ हा किताब मिळाला. त्यातील ‘क्लॅरेन्स’ हा शब्द ‘क्लेअर’वरूनच आला आहे. त्यांची मुलगी फिलिपा मॉर्टिमर घराण्यात गेली. तिच्याच वंशातील चौथा एडवर्ड १४६१ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि ज्या जमिनीसाठी एलिझाबेथने एवढे सोसले ती राजाचीच झाली.

केंब्रिज येथील एका गरीब विद्यालयाला तिने आपल्या हयातीत जमिनी दिल्या व १३५९ मध्ये नियम घालून दिले. ते आज क्लेअर कॉलेज म्हणून ओळखले जाते. त्याच्या ढालचिन्हावर क्लेअर व द बर्ग या दोन्ही घराण्यांच्या खुणा आहेत. भोवती काळी किनार असून तिच्यावर सोनेरी थेंब आहेत. ते एलिझाबेथचे अश्रू होत, असे सांगतात.