‘आढळले नाही’ : प्रसाधनांच्या परीक्षण-अहवालातील नकार

शाम्पू, क्रीम यांसारख्या पाणी असलेल्या प्रसाधनांत जिवाणू व बुरशी वाढू नयेत म्हणून परिरक्षके मिसळली जातात. ती कमी पडली तर माल दूषित होतो; जास्त झाली तर त्वचेला अपाय संभवतो. याचा निवाडा करणारा प्रयोगशाळेचा अहवाल हा अल्पाक्षरी गद्यप्रकार होय. त्यातील ‘आढळले नाही’ हे विधान सामान्यतः ‘नाही’ असेच वाचले जाते. वस्तुतः ही दोन भिन्न विधाने आहेत.

पॅराबेन हा परिरक्षकांचा परिचित गट. त्यांच्या परीक्षणात नमुन्याचा मिथेनॉलमधील अर्क गाळून द्रव-वर्णलेखनाच्या स्तंभातून सोडतात. मिथाइल, एथाइल, प्रोपाइल अशा क्रमाने पॅराबेने बाहेर पडतात आणि अतिनील किरणांच्या शोषणामुळे आलेखावर त्यांची शिखरे उमटतात. शिखर उमटले नाही, तर ते द्रव्य त्या पद्धतीच्या शोधसीमेखाली आहे, एवढेच सिद्ध होते. म्हणून शोधसीमा न सांगणारा नकार अपुरा ठरतो.

काही परिरक्षकांच्या बाबतीत वाचनाची कृतीच पाठ बदलते. डीएमडीएम हायडँटोइन हे द्रव्य फॉर्माल्डिहाइड हळूहळू सोडते. परीक्षणातील उष्णता वा बदललेला सामू ही क्रिया वाढवू शकतो. त्यामुळे अहवालातील आकडा मूळ बाटलीतील मुक्त फॉर्माल्डिहाइडचा असेलच असे नाही. उलट, सूक्ष्मजीव मोजताना नमुन्यातील परिरक्षक पोषक माध्यमावर पोहोचले, तर जिवंत जिवाणूही वाढत नाहीत. लेसिथिन, पॉलिसॉर्बेट 80 यांसारख्या द्रव्यांनी ते आधी निष्प्रभ केले नाही, तर ‘वाढ आढळली नाही’ हे वाक्य शुद्धतेची नव्हे, दडपलेल्या वाढीची नोंद ठरते.

‘तपासले नाही’ हा तिसरा नकार अहवालात लिहिलाच जात नाही. मुंबईतील मुलुंड येथील जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात 2007 मध्ये बालपावडरच्या 15 तुकड्या जंतुमुक्त करण्यासाठी एथिलीन ऑक्साइड वापरले गेले. या वायूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये मानवी कर्करोगकारकांत गणले होते. वायूचा अवशेष उरला नाही हे दाखविणारी चाचणी झाली नाही, या आक्षेपावरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. आरोग्यास धोका नाही, अशी कंपनीची भूमिका होती. पुढील वर्षांतही तेथे पावडरचे उत्पादन होत राहिले. वादाच्या मुळाशी अवशेषाच्या मोजलेल्या प्रमाणापेक्षा न झालेले मोजमाप होते. अशा ठिकाणी धोका सिद्ध होत नाही, तसा निर्धोकपणाही सिद्ध होत नाही.

‘नाही’ हे वस्तूविषयी, ‘आढळले नाही’ हे पद्धतीविषयी आणि ‘तपासले नाही’ हे तपासणाऱ्याविषयी विधान आहे. वेष्टनावरील ‘पॅराबेनमुक्त’ हा शब्द या तिन्हींतील भेद पुसून टाकतो. अहवालाचे भाषांतर करताना तो राखला नाही, तर न्यायालयापुढील पुराव्याचा आणि पालकाच्या हातातील डब्याचा अर्थही बदलतो.