संत मार्टिनचं उघडं दार

मुंबईच्या चर्चगेटला आता गेट नाही. तसंच लंडनच्या 'सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स' या चर्चभोवती एकही शेत उरलेलं नाही! नावाचा अर्थ मात्र 'शेतातले संत मार्टिन'. फार पूर्वी इथं खरंच शेतं होती. आता ट्रॅफल्गर चौक आहे: नेल्सनचा उंच खांब, चार मोठाले सिंह, लाल बसगाड्या आणि माणसांची ही गर्दी!

मार्टिन हा रोमन सैनिक. कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्यानं तलवारीनं आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा त्याला देऊन टाकला, अशी कथा सांगतात.

आजची इमारत जेम्स गिब्ज यांनी बांधली. ती १७२६ साली पुरी झाली. राजा पहिला जॉर्ज या चर्चचा पंच होता. बकिंगहॅम राजवाडासुद्धा याच चर्चच्या हद्दीत येतो. आणि फुटपाथवर झोपणारी माणसंही याच हद्दीतली!

१९१४ साली, पहिलं महायुद्ध पेटलं असताना डिक शेपर्ड नावाचे धर्मगुरू इथं आले. शेजारीच चेरिंग क्रॉस स्टेशन. फ्रान्सच्या रणभूमीवरून परतणारे दमलेभागलेले सैनिक तिथं उतरायचे. शेपर्डनी चर्चचं दार रात्रीही उघडं ठेवलं. आत या, बाकावर पडा, झोपा! पुढं दुसऱ्या महायुद्धात बाँब पडू लागले, तेव्हा लोकांनी इथल्या तळघरात आसरा घेतला.

आत जायला तिकीट नाही. बूट काढावे लागत नाहीत. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. समोरची मोठी खिडकी नीट पाहा. जुन्या काचा युद्धात फुटल्या. २००८ साली बसवलेल्या नव्या खिडकीतला क्रूस पाण्यात हलणाऱ्या प्रतिबिंबासारखा वाकडा दिसतो. तिची कल्पना शिराझे हुशियारी या इराणमध्ये जन्मलेल्या कलावतीची. इथं प्रार्थनाही एकाच भाषेत होत नाही. इंग्रजीबरोबर चिनी लोकांसाठी कँटोनीज आणि मँडरिनमध्येही होते.

तळघरात तर गंमतच आहे! वर विटांच्या कमानी, खाली फरशीत जुने थडग्यांचे दगड, आणि त्यावर चक्क टेबलं मांडून खानावळ! (आपल्या आजीला हे मुळीच पटायचं नाही.) तिथं हेन्री क्रॉफ्टचा पुतळा आहे. हा अनाथाश्रमात वाढलेला रस्ता झाडणारा माणूस. अंगरखाभर शिंपल्याची चकचकीत बटणं शिवून तो लोकांना थांबवायचा आणि दवाखान्यांसाठी, अनाथ मुलांसाठी पैसे गोळा करायचा. १९३० साली तो वारला. त्याच्यासारखे बटणांचे पोशाख घालणारे 'मोत्यांचे राजे-राण्या' अजूनही शरद ऋतूत सुगीच्या प्रार्थनेला या चर्चमध्ये येतात.

नोव्हेंबरात मात्र इथं वेगळीच प्रार्थना होते. लंडनमध्ये ज्यांना घर नव्हतं आणि जे त्या वर्षात वारले, त्यांच्यासाठी. ऐकायला त्यांचे नातलग येतात, रस्त्यावरचे सोबती येतात. मग एकेकाचं नाव मोठ्यानं वाचलं जातं. यादी बरीच लांब असते.