कामाचा भार आणि मनाची विश्रांती

जोयडा तालुक्यातील उळवीसारख्या गावांतून तरुण मंडळी चाकरीनिमित्त दूरच्या शहरांस जातात. सणासुदीला घरी आलेल्या मुलाची झोप उडालेली, बोलणे तुटक आणि जेवणावर वासना नाही, असे दिसले की वडीलधारी माणसे म्हणतात, "शहरात जाऊन बिघडला!" परंतु पुष्कळदा तो बिघडलेला नसून थकलेला असतो.

अलीकडे मोठे कारखाने व कचेऱ्या नोकरांच्या मनावरील ताण हलका व्हावा म्हणून व्याख्याने, योगवर्ग व समुपदेशन ठेवतात. हे उपाय उपयुक्त आहेत. पण बारा तास राबवून घेऊन पंधरा मिनिटे डोळे मिटावयास सांगणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे मर्म पूर्वीच ओळखले होते. १८८४ साली त्यांनी रविवारची सुटी व दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली.

आपल्या काळातील उदाहरण मुंबईच्या पोलिसांचे आहे. बारा तासांच्या पाळ्यांनी शिपायांची प्रकृती व संसार दोन्ही खचत. रवींद्र पाटील या शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्यांची योजना वरिष्ठांपुढे मांडली. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६ साली ती प्रथम देवनार ठाण्यात अमलात आणली. पुढे ती इतर ठाण्यांतही नेली. येथे ताणावर औषध होते ते वेळापत्रकाचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली हेच सांगितले, की केवळ कामगाराला शिकवून भागत नाही. कामाची रीत सुधारावी व अधिकाऱ्यांनाही शिक्षण द्यावे.

वाचकहो, घरच्यांचेही येथे कर्तव्य आहे. मुलगा वा मुलगी सुटीवर आली असता पगार विचारण्यापूर्वी, "किती तास काम असते? झोप लागते का?" असे विचारावे. चिंता फारच वाढली तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा अनेक भारतीय भाषांत चालते. तेथे दूरध्वनी करण्यात कसलाही कमीपणा नाही.