जर्मनीचा कचरा: पैसे कोण भरतो, उचलतो कोण?

वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत स्वच्छतेचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईलवर युरोपचा व्हिडिओ दाखवतो. चकाचक रस्ता, ओळीने उभे रंगीत डबे. मग एक वाक्य हमखास येते, "त्यांच्या लोकांना शिस्त आहे, आपल्या लोकांना नाही." हे 'आपले लोक' कोण, हे सांगावे लागत नाही. बोट झोपडपट्टीकडेच वळलेले असते. सामाजिक काम करताना आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर एकदा नीट द्यायला हवे. त्यासाठी कचरा वेगळा करण्यात जगात नावाजलेला देश, म्हणजे जर्मनी, आपण समजून घेऊ.

आधी कायदा, मग शिस्त

१९७२ पर्यंत पश्चिम जर्मनीत कचऱ्याचा देशपातळीवरचा कायदाच नव्हता. गावोगावच्या खड्ड्यांत, जुन्या खाणींत, शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत कचरा टाकला जाई. १९७२ च्या कायद्याने असे हजारो उकिरडे टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात केली. तरीही वापरून फेकण्याच्या वस्तू वाढत गेल्या. १९८० च्या दशकात डम्पिंगच्या जागा भरत आल्या आणि नवे डम्पिंग किंवा कचरा जाळण्याची भट्टी आपल्या गावाजवळ कोणालाच नको होती.

या पेचातून १९९१ चा वेष्टन-नियम आला. तेव्हा क्लाउस ट्योप्फर पर्यावरणमंत्री होते. नियमाचा गाभा सोपा होता. ज्याने वेष्टन बाजारात आणले, त्यानेच ते परत गोळा करण्याची आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यायची. कंपन्यांनी मिळून नगरपालिकांच्या यंत्रणेला समांतर अशी स्वतःची यंत्रणा उभी केली. वेष्टनांवरचे 'हिरवा ठिपका' हे चिन्ह तिचेच. वेष्टन कशाचे आणि किती वजनाचे, त्यावर कंपनीला शुल्क पडते. २०१९ च्या नव्या कायद्याने तर अशा कंपन्यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत सक्तीची केली. नोंद नसेल तर तो माल विकता येत नाही.

डब्यांमागचे गणित

घरोघरच्या डब्यांचे रंग शहरागणिक थोडे बदलतात, पण साधारण पद्धत अशी आहे. निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा, पिवळ्यात प्लास्टिक आणि धातूची वेष्टने, काळ्या किंवा करड्या डब्यात उरलेला कचरा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत पांढरी, हिरवी, तपकिरी अशा वेगळ्या टाकायच्या. त्याही रविवारी किंवा रात्री नाही, कारण आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो.

खरी गंमत पैशात आहे. काळ्या डब्याचे शुल्क घरमालक किंवा भाडेकरू भरतो. डबा जितका मोठा, तितके शुल्क जास्त. पिवळ्या डब्याचे वेगळे शुल्क नाही, कारण त्याचा खर्च कंपन्यांनी आधीच भरलेला असतो. म्हणजे कचरा नीट वेगळा केला की घरचे पैसे वाचतात. शिस्त अंगात यायला हे गणितही कारणीभूत आहे.

बाटल्यांचेही तसेच. २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर अनामत रक्कम घेतली जाते. ही रक्कम आज २५ सेंट आहे. बाटली परत दिली की पैसे परत. सुपरमार्केटमध्ये त्यासाठी यंत्रे असतात. अशा ९५ टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात.

जून २००५ पासून घरगुती कचरा प्रक्रिया न करता थेट डम्पिंगवर टाकायला बंदी आहे. उरलेला कचरा जाळून वीज आणि उष्णता मिळवतात. बर्लिनची सरकारी सफाई संस्था ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस बनवून त्यावर स्वतःच्या कचरागाड्या चालवते.

काम करणारा माणूस

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. जर्मनीत कचरा व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा रीतसर व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षणाच्या काळातही विद्यावेतन मिळते. सरकारी सफाई संस्थांतल्या कामगारांचे पगार कामगार संघटनांशी झालेल्या सामूहिक करारातून ठरतात. गणवेश, हातमोजे, सुरक्षा बूट, आजारपणाची भरपगारी रजा हे हक्क आहेत, कोणाची मेहरबानी नाही. संघटना संपावर गेली की कचरा रस्त्यावर साचतो आणि शहराला त्या कामाची किंमत कळते.

तिथे भेदभाव नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत तुर्कस्तान, इटली अशा देशांतून आणलेल्या 'पाहुण्या कामगारां'च्या वाट्याला जड आणि घाणीची कामे मोठ्या प्रमाणावर आली. पण कचरा उचलणाऱ्याच्या मुलानेही कचराच उचलावा असे सांगणारा धर्म किंवा रूढी तिथे नाही. आपल्याकडे मात्र कामासोबत माणूसही अपवित्र ठरवला गेला.

चकाकीमागची सावली

आता दुसरी बाजू. बर्लिन, कोलोनसारख्या शहरांत म्हातारी माणसे कचरापेटीत हात घालून अनामतीच्या बाटल्या शोधताना दिसतात. पेन्शन पुरत नाही म्हणून ते हे करतात. 'बाटली पेटीत टाकू नका, बाजूला ठेवा' अशी मोहीम तिथे २०११ मध्ये सुरू झाली. श्रीमंत देशातही गरीब माणूस कचऱ्यापर्यंत पोचतोच.

घरगुती कचऱ्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग पुनर्वापराला जातो असे सरकारी आकडे सांगतात. पण पिवळ्या डब्यातले बरेच प्लास्टिक अखेर भट्टीत जाते. काही परदेशी जाते. २०१८ मध्ये चीनने परदेशी प्लास्टिक कचऱ्याला दार बंद केले, तेव्हा तो ओघ मलेशिया, तुर्कस्तान अशा देशांकडे वळला. तुर्कस्तानातल्या अदाना शहराच्या परिसरात उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यात जर्मन दुकानांची वेष्टने सापडली. श्रीमंताच्या डब्यातला कचरा दूरच्या गरिबाच्या दारात! युरोपीय संघाच्या नव्या नियमाने नोव्हेंबर २०२६ पासून श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाबाहेर प्लास्टिक कचरा पाठवण्यावर बंदी ठरवली आहे. तुर्कस्तान मात्र त्या गटाचा सदस्य आहे.

आणि मुळात कचरा कमी झालेला नाही. वेष्टनांचाच कचरा तिथे माणशी वर्षाला २०० किलोहून अधिक होतो. म्हणून ट्युबिंगेन या छोट्या शहराने २०२२ पासून एकदाच वापरायच्या कप आणि ताटल्यांवर ५० सेंट कर लावला. त्याविरुद्धचा खटला थेट घटना न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ च्या जानेवारीत निकाल शहराच्या बाजूने लागला.

आपण काय विचारायचे?

नियम आपल्याकडेही आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद केली. प्लास्टिकसाठी उत्पादकाची जबाबदारी कागदावर आली आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. शहराचा सुका कचरा पुनर्वापराला लावण्याचे काम त्या जर्मन यंत्रांशिवाय, हातांनी करतात.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी शिस्तीचा व्हिडिओ दाखवला तर तीन प्रश्न विचारा. वेष्टन विकणारी कंपनी आपल्या शहरात कचऱ्याचे किती पैसे भरते? आपल्या प्रभागातला सफाई कामगार कायम आहे की ठेकेदाराचा, आणि त्याला हातमोजे, बूट, किमान वेतन, विमा मिळतो का? आपल्या वस्तीत घंटागाडी रोज येते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीच्या अधिकारात मागता येतात, तिसऱ्याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे.

जर्मनीकडून डब्यांचे रंग घेणे सोपे आहे. घ्यायचे आहे ते तत्त्व. कचरा करणाऱ्याने पैसे भरावेत आणि उचलणाऱ्याने ताठ मानेने पगार घ्यावा. 'घाणेरडी कामे सोडा' असे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. ज्यांना आज हे काम करावे लागते त्यांची प्रतिष्ठा मिळवून देणे आणि त्यांच्या मुलांसाठी दुसऱ्या वाटा मोकळ्या करणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

जय भीम!